देव बघतोय, डिटेक्टर मोजतोय!

फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये डबल स्लिटचा प्रयोग आपण सगळ्यांनीच घोकलाय. इलेक्ट्रॉन एकेक करून दोन फटींतून सोडले तरी पडद्यावर हळूहळू पट्टे उमटतात. पण तो कोणत्या फटीतून गेला हे कळायला डिटेक्टर लावला की पट्टे गायब! 'निरीक्षणामुळे निकाल बदलतो' असं लिहून आपण मार्क मिळवतो आणि विसरून जातो.

हॉस्टेलवर मात्र हे वाक्य कोणी विसरत नाही. मेसनंतर गप्पा रंगल्या की कोणीतरी म्हणतंच, "बघा, सायन्सनं पण मान्य केलं. पाहणाऱ्याशिवाय जगच नाही. म्हणजे देव सिद्ध झाला!" मागच्या सेमिस्टरला हेच वाक्य एका हँडबिलावर वाचलं. 'क्वांटम शक्तीने' शुगर बरी करायचं शिबिर होतं. माझ्या एका मैत्रिणीच्या आईनं ते केलं, गोळ्या बंद केल्या, आणि महिन्याभरात त्यांना ॲडमिट करावं लागलं. म्हणून हा लेख. नाहीतर गप्पांचं काय, त्या चालायच्याच.

मी नास्तिक नाही. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर सांगायच्या, देव तुम्हाला सतत पाहतोय. घरी आजी म्हणायची, "वरचा बघतोय बरं!" या एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं.

आता मित्रमैत्रिणींनो, जरा विचार करा. कोणीतरी नुसतं पाहिल्यानं पट्टे पुसले जात असतील, आणि देव सगळीकडे, सतत पाहत असेल, तर पट्टे कधी दिसायलाच नकोत. पण ते दिसतात! १९८९ मध्ये जपानच्या तोनोमुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकेक ठिपका साचून पट्टे तयार होताना दाखवले. मग देव नाही का? तसं नाही. याचा अर्थ एवढाच, की देवाचं पाहणं वेगळं आणि डिटेक्टरचं पाहणं वेगळं. शब्द एक आहे, म्हणून गोंधळ होतो.

डिटेक्टरच्या पाहण्याला तर मन लागतच नाही. २००४ मध्ये व्हिएन्नात याच धर्तीचा एक प्रयोग झाला. ७० कार्बन अणूंचे रेणू लेसरनं तापवले. तापलेले रेणू स्वतःच प्रकाश सोडू लागले, त्या प्रकाशातून ते कुठे आहेत याची खबर बाहेर पडली आणि पट्टे पुसट होत गेले. तो प्रकाश टिपायला कोणीही बसलेलं नव्हतं. खबर फुटली, तेवढंच पुरलं.

मोठ्या लोकांनाही हा मोह झालाय. विग्नरनं १९६१ मध्ये मांडलं होतं, की मोजमाप मनापाशी येऊन पूर्ण होतं. पुढे त्यानंच ते मत सोडलं. कोडं अजून पुरतं सुटलेलं नाही, हेही खरं. पण न सुटलेल्या कोड्यात देवाला बसवलं, तर कोडं सुटल्यावर त्याला उठवावं लागेल. हा देवाचाच अपमान नाही का?

आपल्या जिल्ह्यातलं जांब समर्थ हे रामदास स्वामींचं जन्मगाव. त्यांच्या दासबोधात द्रष्टा आणि दृश्य यांचा विचार आहे. पण तो द्रष्टा फटीमागे बसवायचा नाही, स्वतःत शोधायचा आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथल्या राममंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या. बातमी ऐकून आजी म्हणाली, "मूर्ती नेल्या, राम कुठं नेतील?" त्याच वर्षी पोलिसांनी चोर पकडले, मूर्ती मिळवल्या. आजीला श्रद्धा पुरली, पोलिसांना पुरावा लागला. दोघंही आपापल्या जागी बरोबर! आजीनं कधी श्रद्धेसाठी लॅबचं सर्टिफिकेट मागितलं नाही, आणि पोलिसांनी नुसता जप करून तपास केला नाही.

मैत्रिणीची आई आता बरी आहे. सकाळी पोथी वाचते आणि गोळीही घेते. आपण उद्याचे इंजिनिअर. पुढच्या वेळी कोणी 'क्वांटम' म्हणत पैसे मागायला आलं, तर निदान एवढं तरी विचारा, "काका, डिटेक्टर कुठाय?"