हब हातानेच फिरवलेले बरे

चारी चाकांना जोर देणाऱ्या जीपगाडीत पुढच्या प्रत्येक चाकाच्या मध्यभागी डबीसारखा एक भाग असतो. त्याला हब म्हणतात. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला ही नसती उठाठेव कशाला, असे आमचे प्राध्यापक विचारतील. पण खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला, कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात, गावातली एखादी जीपच बाजारापासून बाळंतिणीपर्यंत सगळ्यांना नेते. ती चढ चढते की नाही, हे पुष्कळदा या डबीवर ठरते.

डबी 'लॉक' असली की चाक आणि आतला शाफ्ट एक होतात. 'फ्री' असली की चाक मोकळे फिरते. पुढचे डिफरन्शियल आणि प्रॉपेलर शाफ्ट उगाच गरगरत नाहीत. झीज वाचते, थोडे डिझेलही वाचते. महायुद्धातल्या विलीज जीपला ही सोय नव्हती. १९४८ च्या सुमारास आर्थर वॉर्न या अमेरिकन गृहस्थाने, युद्धानंतर विक्रीला निघालेल्या जीपगाड्यांसाठी हाताने फिरवायचे हब बाजारात आणले. पुढे माणसाला खाली उतरण्याचाही कंटाळा आला, आणि १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या कितीतरी गाड्यांना आपोआप लागणारे हब बसू लागले. दांडा फोर-व्हीलला टाकून गाडी हलवली की आतला कॅम सरकतो व हब लागतो. सोडवायला टू-व्हीलमध्ये काही फूट मागे जायचे.

ऐकायला छान! पण तो लागला की नाही, हे बाहेरून कळत नाही. गेल्या आषाढात काकांची गाडी लाल चिखलात रुतली. दांडा फोर-व्हीलला, मागची चाके चिखल उडवताहेत आणि पुढची गप्प. बरोबरच्या मिस्त्रींना विचारले, हब लागलाय का? ते म्हणाले, "यारिगे गोत्तु!" कुणाला ठाऊक! गाडी काढायला पुढे-मागे झोके द्यावेत, तर दिशा बदलली की असला हब सुटू पाहतो आणि धक्क्याने पुन्हा लागतो. त्यातच आतले भाग मोडतात. हातच्या हबचा कान 'लॉक'वर फिरवला की तो पुढे-मागे दोन्हीकडे लॉकच राहतो, आणि ते डोळ्यांना दिसते.

ज्यांच्याकडे आम्ही चौकशी केली ते दुकानदार म्हणाले, ऑटोमॅटिक काढून हातचे बसवणे म्हणजे उलटे चालणे, भर पावसात खाली उतरावे लागेल. हा आक्षेप मला पोकळ वाटतो. हब लॉक ठेवून गाडी टू-व्हीलमध्ये खुशाल पळवता येते. पुढचे सामान फिरत राहते, एवढाच तोटा. सकाळी कोरड्या अंगणात दोन्ही हब लॉक करावेत, दिवसभर आतला दांडा तेवढा वापरावा. शिवाय हब फ्री ठेवून लो गिअर टाकला, तर जोर फक्त मागच्या चाकांना मिळतो. कठीण जमिनीवर ट्रेलर सावकाश मागे घेताना ही युक्ती फार उपयोगी. ऑटोमॅटिकला ती जमत नाही. शहरात डांबरावरच फिरणाऱ्याने मात्र या खर्चात पडू नये.

बदल करताना नुसती झाकणे बदलून भागत नाही. पुष्कळ गाड्यांत ऑटोमॅटिक हबचा स्थिर कॅम स्पिंडलवर बसलेला असतो. तो निघाला की बेअरिंग धरणारे नट आणि वॉशरही नव्या हबला जुळणारे घालावे लागतात. नट फार आवळला तर बेअरिंग जळते, सैल राहिला तर चाक डुलते. तेव्हा मिस्त्रीच्या डोक्यावर उभे राहून घाई करू नये. दोन्ही बाजू एकदमच बदलाव्यात. एक हब लॉक आणि दुसरा फ्री राहिला, तर साध्या डिफरन्शियलमुळे सगळा जोर मोकळ्या बाजूला वाया जातो व पुढची चाके काहीच ओढत नाहीत. आणि डबीत ग्रीस ठासून भरू नये, पातळ थर पुरे. ठासलेल्या ग्रीसने कान फिरेनासा होतो. उन्हाळ्यातही महिन्यातून एकदा दोन्ही कान फिरवून पाहावेत.