दवदान आणि पामतेल

श्रावकाने वर्ज्य मानलेल्या पंधरा कर्मादानांत 'दवदान', म्हणजे रानाला आग लावणे, याचा समावेश आहे. किराणा, फरसाण किंवा साबणाच्या धंद्यातील माणसाला हे नाव कालबाह्य वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भारत हा जगातील सर्वांत मोठा पामतेल आयातदार असून त्यातील मोठा वाटा इंडोनेशियाचा असतो. आणि तेथे सुमात्रा व कालीमंतान या प्रदेशांत मळ्यांसाठी जमीन मोकळी करताना आगीचा आधार घेण्याची सवय जुनी आहे. (याच यादीतील यंत्रपीडनात तेलाचा घाणाही येतो, पण तो स्वतंत्र विषय.)

आचार्य हेमचंद्रांनी योगशास्त्रात दवदानाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक सवयीने केलेले, दुसरे पुण्यबुद्धीने. जुने गवत जाळले की नवे उगवेल आणि गाई चरतील, असा त्या पुण्यबुद्धीचा युक्तिवाद. सुमात्रातील लहान शेतकऱ्याचा हिशोब फारसा निराळा नाही. राखेने जमिनीची आम्लता कमी होते आणि यंत्राचे भाडे वाचते. त्याला एकट्याला दोषी धरणे मला न्याय्य वाटत नाही.

खरा धोका जमिनीखाली आहे. तेथील दलदलीत हजारो वर्षांच्या अर्धवट कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचे, 'पीट'चे, काही ठिकाणी कित्येक मीटर जाडीचे थर आहेत. ओले असेपर्यंत ते सहसा पेटत नाहीत. लागवडीसाठी कालवे खोदून पाणी काढले की जमीनच इंधन बनते. आग खाली धुमसत राहते आणि मोठा पाऊस आल्याखेरीज पुरती विझत नाही. २०१५ साली एल निनोच्या दुष्काळात इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर क्षेत्र जळाले. सर्वच आगी पाममळ्यांच्या नव्हत्या, हे खरे. तरीही धुराने पाच लाखांहून अधिक लोकांना श्वसनविकार जडले. ओरांगउटानांची वस्तीस्थाने जळाली. कासवे आणि जमिनीलगतचे असंख्य जीव यांची तर गणतीच नाही.

म्हणून आग विझवण्यापेक्षा जमीन ओली राखणे महत्त्वाचे. कालव्यांवर बांध घालून पाणी अडवले जाते. पीटमधील पाण्याची पातळी पृष्ठभागापासून ४० सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ नये, असा तेथील नियम आहे. सुमारे पंचवीस वर्षांनी जुने माड काढताना ते न जाळता, तुकडे करून ओळींमध्ये कुजू देण्याची पद्धत मलेशियातील मळ्यांनी रूढ केली. त्यातून खतही मिळते. गावोगावी अग्निरक्षक स्वयंसेवकांची पथके आहेत. हे सारे खर्चिक आहे, आणि स्वस्तात स्वस्त तेल मागणाऱ्या बाजारात तो खर्च उचलण्यास कोणी पुढे येत नाही.

येथे आपला संबंध येतो. मोठ्या तेलकंपन्या आपण कोणत्या गिरण्यांतून माल घेतो याच्या याद्या प्रसिद्ध करतात. 'आरएसपीओ' प्रमाणित तेलही थोड्या अधिक भावाने मिळते. घाऊक खरेदी करणाऱ्या पेढीने दलालाला यादी आणि प्रमाणपत्र मागितले तर त्यात गैर काही नाही. भाद्रपद-आश्विनात आपल्याकडे सणांसाठी डबे भरले जातात, आणि दक्षिण सुमात्रात तोच आगीचा हंगाम असतो. तेव्हा ही विचारणा आषाढातच, सौदे ठरण्यापूर्वी, झालेली बरी.