नकली विद्यार्थी, खरी गर्दी

हिंगोलीहून वाशिमकडे निघालात की जिल्ह्याच्या वेशीवर कनेरगाव नाका लागतो. अशा नाक्यावर शाळा सुटल्यानंतरची एसटी कधी पाहिली आहे? दिवसभरातील प्रवाशांची सरासरी काढली तर प्रत्येकाला बसायला जागा मिळावी. प्रत्यक्षात दारात लोंबकळावे लागते, कारण प्रवासी सरासरीने येत नाहीत, एकदम येतात.

संकेतस्थळांचेही असेच आहे. 16 जुलै 2021 रोजी दुपारी महाराष्ट्राच्या दहावीचा निकाल लागला. विद्यार्थी होते सुमारे पावणेसोळा लाख. निकालाची संकेतस्थळे बंद पडली आणि मुले कित्येक तास ताटकळली. थोडे गणित करू. हे सर्वजण चोवीस तासांत सारखे वाटून आले असते, तर सेकंदाला अवघे 18 जण आले असते. पण सर्वांनीच पहिल्या पाच मिनिटांत निकाल पाहायचे ठरवले तर? सेकंदाला 5,250!

मग आधी रंगीत तालीम का घेऊ नये? लाखभर मुले तालमीला कोठून आणणार, असे तुम्ही म्हणाल. त्यांची गरजच नाही. 'जेमीटर'सारख्या आज्ञावल्या फुकट मिळतात. त्या संगणकावर नकली वापरकर्ते उभे करतात. प्रत्येक जण बैठक क्रमांक भरतो, आईचे नाव भरतो, उत्तराची वाट पाहतो. आधी शंभर, मग पाचशे, मग हजार. आमच्या प्रयोगशाळेत तारेला एकेक वजन टांगून ताण मोजतात, तसेच हे. मात्र तार बराच काळ सरळ रेषेत वागते. रांग तसे सौजन्य दाखवत नाही. रांगेच्या साध्या गणिताप्रमाणे यंत्र निम्मा वेळ गुंतलेले असेल तर काम उरकायला सरासरी दुप्पट वेळ लागतो, नव्वद टक्के गुंतलेले असेल तर दहापट. आलेख बराच वेळ शांत असतो आणि मग एकाएकी उभा चढतो.

माझी तक्रार वेगळीच आहे. हे नकली वापरकर्ते फार शहाणे बनवले जातात! ते एकदाच विचारतात आणि मुकाट्याने थांबतात. खरा दहावीचा मुलगा पाच सेकंदांत पुन्हा बटण दाबतो. जुनी मागणी तशीच राहते, वर नवी येऊन बसते. शिवाय नकली मंडळींना जोडणी मिळते वेगवान. नाक्यावरच्या मुलाच्या फोनवर संदेशलहरींची एकच रेघ असते, त्याचे काय?

येथे जॉन लिटल यांनी 1961 साली सिद्ध केलेला नियम उपयोगी पडतो. आत असलेल्यांची संख्या म्हणजे दर सेकंदाला येणारे गुणिले प्रत्येकाला लागणारा वेळ. सेकंदाला 200 जण आले आणि प्रत्येकाला 2 सेकंद लागले, तर आत 400. तेवढेच जण आले, पण जोडणी मंद असल्याने 10 सेकंद लागले, तर आत 2,000! गर्दी वाढली, पण माणूस एकही वाढला नाही. म्हणून मंद जोडणीचा आणि उतावळा वापरकर्ता ज्या तालमीत नाही, तिला मी तालीम मानायला तयार नाही.

तुम्हालाही हा प्रयोग करता येईल. पण स्वतःच्या संगणकावर, स्वतः बनवलेल्या पानावरच. दुसऱ्याच्या संकेतस्थळावर चुकूनही करू नका. तालीम आणि हल्ला यांतील फरक त्या बिचाऱ्या यंत्राला कळत नाही.