अभ्यासाचे टॉनिक

पहिल्या घटक चाचणीचे गुण हाती आले, की दवाखान्यात एक वाक्य हमखास ऐकू येते : "डॉक्टर, याचं अभ्यासात मनच नाही. एखादं चांगलं टॉनिक लिहून द्या."

प्रॅक्टिसच्या सुरुवातीला मीही बाटली लिहून देत असे. पालक खूश आणि मीही मोकळा! माझी ही सवय मोडली ती आंदर मावळातल्या एका मुलाने.

मुलगा सहावीतला. वडील वैतागून म्हणाले, "याच्या डोक्यात काय शिरत न्हाय. दिवाळीनंतर हायवेच्या हॉटेलात कामाला लावतो." मुलगा खाली मान घालून उभा. मी त्याला भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचायला सांगितली. तो आधी दोन पावले पुढे गेला. "बाळा, वर्गात कुठे बसतोस?" "मागच्या बाकावर. मी उंच आहे ना." फळा सगळ्यांना असाच पुसट दिसतो, अशी त्याची समजूत होती! डोळे तपासल्यावर दोन्ही डोळ्यांना अडीच नंबरचा चष्मा लागला.

पण गोष्ट इथे संपत नाही. चष्मा आला तरी शाळेची नावड गेली नाही. तीन वर्षे 'ढ' ऐकलेल्या मुलाला फळा दिसला, म्हणून लगेच हुरूप कसा यावा? त्याच्या गुरुजींनी मात्र युक्ती केली. रोजचा पाऊस मोजून फळ्यावर लिहिण्याचे काम त्याच्याकडे दिले. मावळातला पाऊस म्हणजे कामाला खाडा नाही! मिलिमीटरच्या रेघा वाचता वाचता त्याला दशांश अपूर्णांक समजले. सहामाहीत गणितात तो पास झाला. हॉटेलचा विषय पुन्हा निघाला नाही.

शरीर आणि मन यांची ही सांगड आपल्याकडे फार पूर्वी ओळखली गेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पाड्यावरची मुले शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्यांनी शाळाच अंगणात नेली. आधी मुलांची आंघोळ, स्वच्छता आणि मग गाणी, गोष्टी. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही निघाली. शिकण्याची गोडी लावण्याआधी मुलाची अडचण पाहावी लागते, हे त्यांना नेमके कळले होते.

म्हणून पालकहो, 'आळशी' हा शिक्का मारण्याआधी एवढे पाहा. मूल डोळे बारीक करून बघते का? हाक मारल्यावर 'आँ?' करते का? सतत सर्दी असेल किंवा कान वाहत असेल, तर ऐकू कमी येते. चेहरा फिकट दिसतो का? चढावर धाप लागते का? रक्त कमी असलेले मूल वर्गात पेंगते, त्यात त्याचा दोष नाही. शाळेत मिळणारी लोहाची आणि जंताची गोळी टाळू नका. जेवणावर चहा देऊ नका, त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी पालेभाजीवर लिंबू पिळा. उपाशीपोटी शाळेत पाठवू नका आणि रात्री वेळेवर झोपवा. सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका.

आणि छडीविषयी. शिक्षण हक्क कायद्याने २०१० पासून शाळेतल्या शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला बंदी आहे. घरात हा नियम आपणच लावून घ्यायचा. भीतीने मूल पाठ करते, पण त्याला शिकण्याची गोडी लागत नाही. शाळेची धास्ती घेतलेली, रोज सकाळी पोटात दुखणारी मुले मी कितीतरी पाहिली आहेत. रविवारी त्यांचे पोट बरोबर बरे असते!

आज संध्याकाळी मुलाला "किती मार्क पडले?" असे विचारू नका. "आज तुला काय जमलं?" एवढेच विचारा आणि तो सांगेल ते नीट ऐका. यापेक्षा चांगले टॉनिक माझ्या दवाखान्यात तरी नाही.