बिनतारी म्हणे!

‘बिनतारी’ हा शब्द मराठीत रुळून इतकी वर्षं झाली, की त्यातली थाप आता कुणाला ऐकू येत नाही. गावाबाहेरच्या किंवा शेजारच्या गच्चीवरच्या कुठल्याही मोबाइल टॉवरखाली उभं राहून एकदा वर बघा. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत काळ्या केबलींची जाडजूड वेणी चढलेली दिसेल. बिनतारी आहे ती अँटेनापासून तुमच्या फोनपर्यंतची शेवटची उडी. त्याच्या अलीकडे टॉवरच्या अंगावर सगळी तारच आहे, आणि ती वर न्यायला कुणीतरी माणूस चढलेला आहे. तार विसरताना आपण तो माणूसही विसरलो. हे विसरणं बऱ्याच जणांच्या सोयीचं आहे, असं माझं म्हणणं आहे.

पूर्वी रेडिओचं यंत्र टॉवरच्या पायथ्याशी खोलीत असे आणि तिथून मनगटाएवढी जाड केबल अँटेनापर्यंत जाई. वर पोचेपर्यंत शक्तीचा मोठा हिस्सा वाटेतच जिरे. म्हणून यंत्रच उचलून अँटेनाशेजारी, टॉवरच्या डोक्यावर नेऊन बसवलं. नुकसान थांबलं, पण दुरुस्तीचं कामही खोलीतून निघून चाळीस-पन्नास मीटर वर गेलं. आता वर दोन गोष्टी न्याव्या लागतात: माहिती नेणारी फायबर केबल आणि यंत्राला वीज देणारी तांब्याची केबल.

दोन्ही हट्टी. फायबरमधली प्रकाशाची वाट जेमतेम ९ मायक्रॉनची, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक. केबल जास्त वाकवली की प्रकाश गळतो, जोडाच्या तोंडावर धुळीचा कण बसला की सिग्नल बिघडतो. हे तोंड पुसायचं कुठे, तर भर वाऱ्यात, पट्ट्याला लटकून. विजेचं गणित त्याहून रोखठोक आहे. बॅटऱ्यांमुळे टॉवरवरची वीज ४८ व्होल्टची. १ किलोवॉटच्या यंत्राला सुमारे २० अँपिअर लागतात. ५० मीटर उंचीवर ६ चौरस मिलिमीटरची तार नेली, तर जाऊन-येऊन १०० मीटरच्या तांब्यात ६ व्होल्ट खर्ची पडतात. बॅटरी उतरू लागली की यंत्र आधीच मान टाकतं. १६ चौरस मिलिमीटरची तार घेतली तर तूट अडीच व्होल्टच्या आत राहते, पण नुसतं तांबंच साडेपाच किलोऐवजी चौदा किलो लागतं.

ही आकडेमोड अशासाठी, की खरेदीच्या टेबलावर वाचवलेल्या प्रत्येक किलो तांब्याची परतफेड कोण करतं ते कळावं. तार बारीक घेतली, क्लॅम्प दोन-तीन पायऱ्या सोडून मारले, अर्थिंगची एक जोडणी गाळली, की पहिल्या पावसात यंत्र बंद पडतं. मग कुणाला तरी पुन्हा चढावं लागतं, आणि तेही ओल्या लोखंडावर. स्वस्त सामानाची किंमत चढण्याच्या फेऱ्यांत वसूल होते. प्रत्येक फेरीत जीव पणाला लागतो.

यावर ठरलेलं उत्तर तयार असतं: “पोरंच ऐकत नाहीत हो, पट्टा देऊनसुद्धा हुक लावत नाहीत.” लावत नाहीत, हे खरं असू शकतं. पण का? नियमाप्रमाणे चढायचं तर दोन हुक लागतात. एक अडकवायचा, मगच दुसरा सोडायचा, आणि असं शेंड्यापर्यंत. शिवाय बरोबर सुटकेचं शिकलेला दुसरा माणूस हवा. पट्ट्यात लटकून राहिलेला माणूस काही मिनिटांतही बेशुद्ध पडू शकतो. अग्निशमन दलाची वाट बघायला तेवढा वेळ नसतो. या सगळ्याला वेळ लागतो. आणि मजुरी जेव्हा टॉवरमागे ठरते, तासामागे नाही, तेव्हा प्रत्येक हुक हा त्या माणसाच्या खिशातला वेळ असतो. आधी त्याच्या सावधपणावर दंड बसवायचा आणि मग त्याला बेपर्वा म्हणायचं, हा शुद्ध कांगावा आहे.

कायदा नाही असं नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याच्या व्याख्येत वायरलेस, टेलिफोन आणि टॉवर हे शब्द स्पष्ट आहेत. पण तो लागू होत असे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला. आता टॉवरवरच्या कामाची उतरंड पाहा. सेवा देणारी कंपनी एक, टॉवर दुसऱ्याच्या मालकीचा, यंत्र बसवणारी तिसरी, तिचा कंत्राटदार, त्याचा पोटकंत्राटदार, आणि शेवटी चौघांची टोळी. चौघांच्या मालकाला दहांचा कायदा कसा शिवणार? तो कायदा ज्यात विलीन झाला ती २०२० ची सुरक्षाविषयक श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिने कंत्राटी कामगारांच्या तरतुदींची मर्यादा वीसवरून पन्नासवर नेली. उतरंड जितकी बारीक, तितकी ती कायद्याच्या जाळीतून सहज गळते.

मोजमापाचंही तसंच. दूरसंचार नियामक दर महिन्याला ग्राहकांची संख्या छापतो. २०१९ च्या राष्ट्रीय ब्रॉडबँड अभियानात टॉवर फायबरने जोडण्याचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर नेण्याचं लक्ष्य होतं. टॉवरवरून पडून मेलेल्या माणसाची नोंद मात्र ‘उंचीवरून पडून’ या ढोबळ रकान्यात जाते, जिथे गच्चीवरून पडलेला आणि झाडावरून पडलेलाही असतो. अमेरिकेत २००३ ते २०११ या काळात मोबाइल टॉवरवर काम करणारे ५० जण मेले, हे पत्रकारांनी एकेक नोंद तपासून २०१२ मध्ये मांडलं. तिथेही कंत्राटाची उतरंड हीच होती, आणि नावाजलेल्या कंपन्या कागदोपत्री नामानिराळ्या. निदान आकडा तरी समोर आला. आपल्याकडे तो मागणाराही नाही.

खरं तर टॉवरची भीती आपल्याला भरपूर आहे. सोसायट्यांच्या सभा गाजल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आली. चांगलंच झालं. पण त्या सगळ्या चर्चेत अँटेनापासून हातभर अंतरावर काम करणारा माणूस कुठे होता? तो चढण्याआधी प्रक्षेपण बंद केलं का, हे किती सोसायट्यांनी विचारलं? गच्चीचं भाडं घेताना तरी?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वीज गेली, फोन गेले; मुंबईतल्या कितीतरी घरांना कोकणातल्या आईवडिलांचा आवाज अनेक दिवस ऐकू आला नाही. नंतर ‘नेटवर्क आलं’. जणू ते पावसासारखं आपोआप येतं! ऐन टाळेबंदीत, वादळाने खिळखिळ्या केलेल्या लोखंडावर कुणी चढलं, त्याला किती पैसे मिळाले, त्याचा विमा होता का, यातलं काही आपण विचारलं नाही.

मागण्या साध्या आहेत. टॉवरवरच्या प्रत्येक अपघाताची वेगळी नोंद व्हावी आणि ती ग्राहकसंख्येइतकीच नियमित छापली जावी. उतरंड कितीही लांब असो, ज्याच्या नावाने आपण रिचार्ज करतो त्याची जबाबदारी सुटू नये. चढण्याच्या कामाला दिवसाची मजुरी असावी, टॉवरमागची नाही. दुसरा माणूस आणि सुटकेचा दोर असल्याशिवाय पहिल्याने पायरी चढू नये. यामुळे रिचार्ज महागेल, अशी ओरड होईल. महागू दे थोडं. आज जे स्वस्त वाटतं, त्यातला फरक कुणीतरी भरतोच आहे.

आणि शब्दच हवा असेल तर ‘बिनतारी’ राहू दे. फक्त तो उच्चारताना वर गेलेली ती काळी वेणी आठवावी. ती तिथे आपोआप उगवलेली नाही.