सोडायचा कोणता, खायचा कोणता?

शनिवारी पहाटे पुण्याजवळच्या माणच्या सोसायट्यांमधून निघणाऱ्या सगळ्याच गाड्या कंपनीकडे जात नाहीत. काहींच्या डिकीत कार्बनची काठी, रीळ आणि चकाकणारे खोटे मासे असतात. वाट कासारसाईची, नाहीतर पवना-मुळशीच्या पाण्याची. तिथं यांच्या आधीच गावातलं कुणीतरी येऊन बसलेलं असतं. बांबूची काठी, तंगूस, गळ, डब्यात गांडुळं. आणि मासा बहुधा त्यालाच आधी लागतो.

पाहुणा मासा धरतो, फोटो काढतो आणि पाण्यात सोडून देतो. गाववाला विचारतो, “साहेब, सोडायचाच हुता तर धरला कशाला?” प्रश्न रास्त आहे. पण माझं भांडण सोडण्याशी नाही, सरसकट सोडण्याशी आहे.

चिलापीचंच घ्या. ही मूळची आफ्रिकेतली, १९५२ साली भारतात आणलेली. मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे ती वाचतात. पुन्हा वर्षातून अनेकदा वीण. उजनीच्या पाण्यात तिनं काय पसारा मांडलाय, ते भिगवणच्या मासळी बाजारात दिसतं. आफ्रिकन मांगूर तर त्याहून खादाड. त्याच्या पैदाशीवर २००० सालापासून बंदी आहे. असे मासे हळुवार हातानं पाण्यात परत सोडण्यात कसली आलीय दया? चिलापीचं कालवण करून भाकरीबरोबर संपवणारा गडी तळ्याचं जास्त भलं करतो.

महाशीरचं उलटं. हा मासा उशिरा वयात येतो. पावसाळ्यात अंडी घालायला त्याला वाहतं, स्वच्छ पाणी आणि गोट्यांचा तळ लागतो. वाटेत धरणाची भिंत आली की चढणं संपलं. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवून पाण्यात सोडतात, ते उगाच नाही. हा गळाला लागला तर फोटोचीही घाई नको. ओल्या हातानं गळ काढावा आणि जाऊ द्यावा.

आता गाववाल्यांनाही एक सांगायला हवं. पहिल्या पावसात ओढ्यानं, भातखाचरांत शिरणारे चढणीचे मासे चवीला अप्रतिम, हे मी नाकारत नाही. आखाडात त्यांच्यासारखं कालवण नाही. पण ते अंड्यांनी भरलेले असतात. जून-जुलैत समुद्रावर यांत्रिक होड्यांना बंदी असते. ओढ्यावर मात्र पोरंसोरं टोपल्या घेऊन उभी.

राहिला हक्काचा मुद्दा. बहुतेक धरणांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. कटला-रोहूची बोटुकली संस्था पैसे मोजून सोडते. तेव्हा काठी उघडण्याआधी तिथल्या नाववाल्याला ठेका कुणाचा ते विचारावं, परवानगी घ्यावी, पैसे मागितले तर द्यावेत. “आम्ही तर मासा नेतच नाही, मग पैसे कशाचे?” असा वाद पाहुणे घालतात. नाववाल्याचं उत्तर ठरलेलं: “गळ टोचल्याचे, साहेब.”