दोन बेटांची जमीन

नाउरू आणि मॉरिशस ही दोन्ही बेटे १९६८ साली, अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने, स्वतंत्र झाली; परंतु जमिनीच्या बाबतीत त्यांचे प्राक्तन फार भिन्न ठरले. जेमतेम एकवीस चौरस किलोमीटरांच्या नाउरूत विसाव्या शतकाच्या आरंभापासून फॉस्फेटचे उत्खनन चालले, आणि परदेशांतील शेते ज्या खताने समृद्ध झाली त्याच खतापायी बेटाचा सुमारे चार-पंचमांश भाग चुनखडीच्या उघड्या सुळक्यांचे निष्फळ रान होऊन बसला. १९८९ साली नाउरूने ऑस्ट्रेलियाविरुद्ध हेगच्या न्यायालयात फिर्याद गुदरली, १९९३ साली तडजोडीने भरपाईही पदरात पडली; मात्र गेलेली माती कोणता दिवाणी हुकूमनामा परत देणार?

मॉरिशसची गोष्ट वेगळी. तेथील ज्वालामुखीजन्य भूमीतले दगड ज्या गिरमिटिया मजुरांनी हाताने वेचून उसाची शेते सिद्ध केली, त्यांत आपली कोकणी माणसेही होती. एके काळी जवळजवळ निम्मे बेट लागवडीखाली होते. युरोपने १९७५पासून दिलेली साखरेच्या भावाची हमी २००९ साली संपुष्टात आली, आणि उसाखालचे बरेच क्षेत्र पडीक तरी पडले, नाही तर परकीय धनिकांच्या बंगल्यांसाठी विकले गेले.

सरकारी तक्त्यात उसाच्या क्षेत्रातल्या या दोन्ही घटी, पडीक पडलेली आणि विकली गेलेली, सारख्याच दिसतात. हा तक्त्यांचा जुनाच दोष! पडीक जमीन पुन्हा नांगराखाली येते, बंगल्याखालची येत नाही. तांदूळ-गव्हासाठी जहाजांवर विसंबणाऱ्या मॉरिशसने अशा बिगरशेती परवान्यांना आजच आळा घालावा.